गावी गेल्यावर आई-वडिलांची तब्येत, घर आणि फोन कसा तपासायचा? संपूर्ण माहिती



शिक्षण किंवा नोकरीमुळे आपल्यापैकी बरेच जण पुण्या-मुंबईत, बंगळुरूत नाहीतर परदेशात राहतात आणि आई-वडील गावी असतात. रोज रात्री व्हिडिओ कॉल होतो. "बरं आहे ना?" "हो, मजेत. तू जेवलास का?" एवढं बोलून आपण निश्चिंत होतो. मीही तसाच निश्चिंत होतो.

माझे आई-अण्णा बार्शीला असतात आणि मी पुण्यात. गेल्या दिवाळीत घरी गेलो, त्या दिवशी आईनं चहाचं पातेलं डाव्या हातानं उतरवलं. आई उजव्या हाताची आहे. विचारलं तर म्हणाली, "काही नाही रे, जरा मुरगळलाय." खूप खोदून विचारल्यावर कळलं, की ती श्रावणात न्हाणीघरात पाय घसरून पडली होती. तेव्हापासून मनगट दुखत होतं. एक्स-रे काढलाच नव्हता, घरच्या घरी लेप लावणं चालू होतं. आणि त्या तीन महिन्यांत मी जवळजवळ रोज व्हिडिओ कॉल केला होता!

नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं, की श्रावणापासून फोन नेहमी अण्णांच्याच हातात असायचा. आईचा फक्त चेहरा दिसायचा. व्हिडिओ कॉलवर चेहरा दिसतो, हात-पाय दिसत नाहीत, स्वयंपाकघर दिसत नाही, औषधांचा डबा दिसत नाही.

म्हणून आजच्या लेखात आपण पाहणार आहोत, की घरी दोन-चार दिवस गेल्यावर काय काय बघायचं, स्मार्टफोनची त्यात कशी मदत होते, आणि आई-वडिलांच्या फोनमध्ये कोणती सेटिंग्ज करून द्यायची. प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये मेनूची नावं थोडी वेगळी असतात. एखादं सेटिंग सापडलं नाही, तर सेटिंग्जच्या वर जी शोधपट्टी असते तिथे ते नाव टाकून बघा.

पहिला दिवस: काही विचारू नका, फक्त बघा

घरी पोचल्या पोचल्या "तुम्ही औषधं घेता का? डॉक्टरकडे गेला होतात का?" अशी सरबत्ती सुरू केली, की उत्तर एकच येतं: "सगळं ठीक आहे." आपण चार दिवसांसाठी आलोय, त्यात आपल्याला ताप नको, असं त्यांना वाटतं. म्हणून पहिल्या दिवशी घरात नेहमीसारखं वावरा आणि या गोष्टी बघून ठेवा:

- फ्रिज: शिळं अन्न साठलंय का? दूध, ब्रेड, बिस्किटं यांवरच भागतंय का?
- स्वयंपाकघर: रोजची भांडी वरच्या फळीवर आहेत का? कुठलं भांडं करपलेलं दिसतंय का? गॅस चालू राहून गेल्याची ती खूण असू शकते.
- न्हाणीघर: फरशी गुळगुळीत आहे का? धरायला काही आहे का? रात्री तिथपर्यंत जाताना उजेड असतो का?
- चालताना: भिंतीचा, खुर्चीचा आधार घेतात का? जिन्यावर थांबतात का?
- कपडे: ब्लाउज, शर्ट ढगळ झालेत का? आईच्या बांगड्या सैल झाल्यात का? वजन कमी झाल्याचं आधी कपड्यांवरून आणि दागिन्यांवरून कळतं.
- टपाल: बिलं, बँकेची पत्रं न फोडता पडलीत का?

आमच्या घरी मला एक गोष्ट फोनमधून कळली, ती सांगतो. गॅस बुकिंग केलं की मेसेज येतो. अण्णांच्या फोनमधले ते मेसेज पाहिले. आधी दर चाळीसेक दिवसांनी सिलिंडर बुक व्हायचा, शेवटच्या वेळी सत्तर दिवस गेले होते. म्हणजे चूलच कमी पेटत होती. मनगट दुखत असल्यामुळे आई भाकरी थापत नव्हती. शेजारच्या काकू कधी चपात्या द्यायच्या, बाकीच्या दिवशी दूध-ब्रेड. कॉलवर मात्र रोज उत्तर यायचं, "झालं आमचं जेवण." ते खोटंही नव्हतं.

दुसरा दिवस: तब्येतीच्या चार सोप्या तपासण्या

यासाठी मोबाइल, वजनकाटा आणि बीपीचं मशीन एवढं पुरे. एक लक्षात ठेवा, आपण डॉक्टर नाही. आपलं काम फक्त नोंद करून ती डॉक्टरांपर्यंत पोचवणं.

१. चालण्याची स्टॉपवॉच चाचणी. एक खुर्ची ठेवा. तिथून ३ मीटरवर, म्हणजे साधारण दहा फुटांवर, जमिनीवर खूण करा. मोबाइलमध्ये स्टॉपवॉच लावा. खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या चालीनं खुणेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. याला १२ सेकंद किंवा जास्त वेळ लागला, तर पडण्याचा धोका जास्त आहे असं धरतात आणि डॉक्टरांना दाखवायला हवं. चाचणी घेताना तुम्ही शेजारीच उभे राहा.

२. वजन. सहा महिने ते वर्षभरात काही प्रयत्न न करता वजन ५ टक्क्यांहून जास्त कमी झालं, तर दुर्लक्ष करायचं नाही. ६० किलोच्या माणसासाठी हे ३ किलो होतात. आजचं वजन तारखेसह फोनच्या नोट्समध्ये लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या खेपेला तुलना करता येईल.

३. बीपी. चहा, तंबाखू, चालणं यानंतर अर्धा तास जाऊ द्या. पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीला लागलेले, हात छातीच्या पातळीला. एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा. मग उभं करून परत मोजा. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त खाली आला किंवा चक्कर आली, तर डॉक्टरांना नक्की सांगा. रात्री लघवीला उठताना अशी माणसं पडतात. आणि हो, फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी सांगणाऱ्या ॲप्सवर विश्वास ठेवू नका. दंडाला पट्टा बांधायचं मशीनच वापरा.

४. ऐकणं आणि दिसणं. टीव्हीचा आवाज किती आहे? फोन लांब धरून वाचतात का? फोन उचलत नाहीत म्हणून आपण चिडतो, पण कित्येकदा रिंग ऐकूच आलेली नसते.

औषधांचा डबा: इथे फोनचा कॅमेरा खरा उपयोगी

सगळी औषधं एका टेबलावर काढा. प्रत्येक स्ट्रिपचा मागच्या बाजूनं फोटो काढा, म्हणजे औषधाचं मूळ नाव, किती मिलिग्रॅम आणि एक्स्पायरी तिन्ही दिसतील. अक्षरं बारीक असतील तर फोटो झूम करा किंवा गूगल लेन्सनं मजकूर उचलून घ्या. मग वरचं मोठं कंपनीचं नाव सोडून खालचं मूळ नाव जुळवून बघा.

हे का करायचं, तर अण्णांच्या डब्यात बीपीच्या दोन वेगवेगळ्या गोळ्या होत्या. एक जुन्या डॉक्टरांची, एक नवीन. नावं वेगळी, रंग वेगळे. पण मूळ नावं वाचल्यावर दिसलं, की दोन्हींत ॲम्लोडिपिन आहे. अण्णांच्या पायाला सूज होती, ते म्हणायचे, "वय झालं आता." पायावर सूज येणं हा ॲम्लोडिपिनचा माहीत असलेला परिणाम आहे. मी स्वतः एकही गोळी बंद केली नाही, फोटो घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक कमी केली. तुम्हीही असंच करा. मनानं गोळी बंद करणं बीपी, शुगर, हृदय आणि रक्त पातळ करण्याच्या औषधांत फार महागात पडतं.

यादी तयार झाली, की सकाळ-दुपार-रात्र असे रकाने करून मोठ्या अक्षरात एका कागदावर लिहा आणि डब्याच्या झाकणावर चिकटवा. त्याच कागदाचा फोटो आई-वडिलांच्या आणि सगळ्या भावंडांच्या फोनमध्ये ठेवा. आठवणीसाठी वेगळं ॲप घ्यायची गरज नाही. घड्याळाच्या ॲपमध्ये रोजचा अलार्म लावा आणि त्याला "बीपीची गोळी, नाश्त्यानंतर" असं मराठीत नाव द्या. आठ खणांची किंवा आठवड्याची गोळ्यांची डबी मेडिकलमध्ये मिळते. गोळी घेतली की नाही हे रिकाम्या खणावरून कळतं, ते अलार्म सांगू शकत नाही.

त्यांचा फोन: आधी परवानगी, मग तपासणी

आता फोनकडे येऊया. इथे माझी चूक आधी सांगतो, म्हणजे तुम्ही ती करणार नाही.

दिवाळीत अण्णा झोपले असताना मी त्यांच्या फोनमध्ये गूगल मॅप्सचं लोकेशन शेअरिंग चालू केलं. मनात काळजीच होती. पण लोकेशन शेअर होत असल्याची आठवण गूगल त्या फोनवर करून देतं. अण्णांनी ती वाचली, निवृत्त शिक्षक आहेत, वाचणारच. मला म्हणाले, "गळ्यात घंटा बांधलीस होय रे?" दोन दिवस ते माझ्याशी नीट बोलले नाहीत. त्यापेक्षा वाईट म्हणजे, नंतर फोन माझ्या हातात द्यायलाच ते तयार नव्हते.

म्हणून नियम एकच: फोन त्यांच्यासमोर बसून, त्यांना दाखवत दाखवत बघायचा. त्यांचा यूपीआय पिन, एटीएम पिन आपण मागायचा नाही आणि त्यांनी सांगितला तरी ऐकायचा नाही. "पिन कुणालाही द्यायचा नाही" हे आपण शिकवतो, मग "कुणालाही" मध्ये आपणही आलो.

हे बघा:

१. अक्षरं आणि आवाज. सेटिंग्ज, डिस्प्ले, फॉन्ट साइझ इथे जाऊन अक्षरं मोठी करा. रिंगचा आवाज पूर्ण आणि सोबत व्हायब्रेशन चालू करा. कीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडून माइकवर बोलून टाइप कसं करायचं ते दाखवा. अण्णांच्या फोनमध्ये हजाराच्या वर न वाचलेले मेसेज होते. मला वाटलं दुर्लक्ष. खरं कारण चष्म्याचा नंबर.

२. स्टोरेज. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज अँड डेटा इथे जाऊन फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करा. सुप्रभातच्या फोटोंनी फोन भरला, की तो अडकतो, अपडेट होत नाही आणि ऐन वेळी कॉल लागत नाही.

३. बाहेरून आलेली ॲप्स. लग्नाची पत्रिका, ई-चलान, बँकेची केवायसी अशा नावानं व्हॉट्सॲपवर एपीके फाइल पाठवून फसवणूक होते. सेटिंग्ज, ॲप्स, स्पेशल ॲप ॲक्सेस, इन्स्टॉल अननोन ॲप्स इथे सगळ्यांपुढे परवानगी बंद करा. प्ले स्टोअरमध्ये प्ले प्रोटेक्ट चालू आहे का, तेही बघा.

४. ॲक्सेसिबिलिटी. सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीमध्ये अनोळखी ॲपला परवानगी दिलेली असेल, तर ते ॲप स्क्रीनवरचं वाचू शकतं आणि स्वतः बटणंही दाबू शकतं. ओळखीचं नसेल तर बंद करून ॲप काढून टाका.

५. क्रोमच्या नोटिफिकेशन. "तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे" असे मेसेज बहुतेक वेळा कुठल्या तरी वेबसाइटनं मागितलेल्या परवानगीमुळे येतात. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन उघडून अनोळखी साइट्स बंद करा.

६. व्हॉट्सॲप. लिंक्ड डिव्हायसेसमध्ये अनोळखी कॉम्प्युटर दिसला तर लॉग आउट करा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. प्रायव्हसीमध्ये ग्रुपला "माय कॉन्टॅक्ट्स" निवडा आणि अनोळखी कॉल सायलेंट करायचं सेटिंग चालू करा.

७. यूपीआय ऑटोपे. पैसे पाठवायच्या ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट नावाचा विभाग असतो. आमच्याकडे दर महिन्याला एका ॲपचे पैसे कटत होते, जे अण्णांनी कधी उघडलंच नव्हतं. अशी मँडेट तिथूनच रद्द करता येतात.

८. खातं वेगळं करा. पेन्शन आणि ठेवी ज्या खात्यात आहेत, ते खातं यूपीआयला जोडू नका. रोजच्या खर्चापुरते पैसे एका वेगळ्या खात्यात ठेवून तेच जोडा. पुढे चूक झाली, तरी नुकसान तेवढ्यावरच थांबेल.

९. नावावरचे सिम. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती मोबाइल नंबर चालू आहेत ते दिसतं. नको असलेला नंबर तिथूनच कळवता येतो. हरवलेला फोन ब्लॉक करायची सोयही तिथे आहे.

फसवणुकीबद्दल बोलायचं कसं?

"असल्या लिंकवर क्लिक करू नका, किती वेळा सांगितलं!" असं ओरडलो, की एकच होतं: पुढच्या वेळी काही झालं तर ते आपल्याला सांगत नाहीत. पडल्याचं जसं आईनं लपवलं, तसंच पैसे गेल्याचंही लपवतात. आणि सायबर फसवणुकीत वेळ सगळ्यांत महत्त्वाचा असतो. लवकर तक्रार झाली, तर पैसे पुढे जाण्याआधी बँकेत अडवता येण्याची शक्यता असते.

म्हणून त्यांच्याशी एवढंच ठरवा:

- पैसे गेले तर आधी १९३० वर फोन, मग बँकेला, मग आम्हाला. आम्ही ओरडणार नाही. १९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे. तो "सायबर पोलीस" नावानं त्यांच्या फोनमध्ये सेव्ह करा.
- पैसे मिळवण्यासाठी पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.
- "डिजिटल अरेस्ट" असा प्रकार आपल्या कायद्यात नाही. पोलीस, सीबीआय किंवा ईडी व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत. असा फोन आला तर कट करायचा.
- "तुमच्या मुलाचा अपघात झालाय, पैसे पाठवा" असे फोन येतात आणि हल्ली आवाजाची नक्कलही होते. घरात एक गुपित शब्द ठरवा. तो शब्द सांगितल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत.
- फोनची स्क्रीन कुणालाही दाखवायची नाही. आमच्याकडे याला एकच सूट आहे: काही अडलं आणि त्यांनी स्वतः मला किंवा ताईला व्हॉट्सॲप व्हिडिओ कॉल केला, तर त्यातलं स्क्रीन शेअरिंग वापरायचं. तेव्हाही बँकेचं ॲप उघडायचं नाही.

अडीअडचणीची तयारी

अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, सेफ्टी अँड इमर्जन्सी इथे रक्तगट, आजार, औषधं, ॲलर्जी आणि घरच्यांचे नंबर भरा. ही माहिती लॉक न उघडता, लॉक स्क्रीनवरच्या इमर्जन्सी बटणातून दिसते. आयफोनमध्ये हेच हेल्थ ॲपमधल्या मेडिकल आयडीमध्ये भरायचं. रस्त्यात चक्कर येऊन पडलेल्या माणसाचा फोन लॉक असतो, तेव्हा याचा उपयोग होतो.

बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पॉवरचं बटण पाच वेळा पटापट दाबलं की इमर्जन्सी एसओएस सुरू होतं. ते कसं चालतं आणि चुकून सुरू झालं तर काउंटडाउन संपायच्या आत कसं थांबवायचं, हे दोन्ही त्यांच्याकडून करून घ्या.

हे नंबर फोनमध्ये आणि कागदावरही लिहून ठेवा: सर्व प्रकारच्या मदतीसाठी ११२, महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी एल्डरलाइन १४५६७, जी सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते.

पण खरं सांगू का, यातला सगळ्यांत महत्त्वाचा नंबर शेजारच्या काकूंचा आहे. तो माझ्या फोनमध्ये नव्हता! आई पडली तेव्हा तिला उठवायला त्याच आल्या होत्या. शेजारी, फॅमिली डॉक्टर, मेडिकलवाले, गल्लीतला रिक्षावाला, एवढे नंबर निघण्याआधी घ्या आणि त्यांना तुमचाही द्या.

सरकारी कामं: याच खेपेत उरकून टाका

जीवन प्रमाण: बहुतेक सरकारी पेन्शनधारकांना नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०२१ पासून हे काम घरी बसून, फोनच्या कॅमेऱ्यावर चेहरा दाखवून करता येतं. जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन ॲप्स फक्त प्ले स्टोअरवरूनच घ्या. आधी ऑपरेटर म्हणून तुमचं आधार व्हेरिफिकेशन होतं, मग पेन्शनधारकाचं. आधार क्रमांक, पीपीओ क्रमांक आणि बँक खात्याची माहिती जवळ ठेवा. चेहऱ्यावर चांगला उजेड हवा, खिडकीकडे पाठ करून बसवू नका. त्याआधी पेन्शन देणारं कार्यालय किंवा बँक हा दाखला स्वीकारते का, एवढं विचारून घ्या.

आयुष्मान वय वंदना कार्ड: ७० वर्षं पूर्ण झालेल्यांना, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचारांचं संरक्षण मिळतं. ही सोय ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. आयुष्मान ॲपमध्ये आधार केवायसी करून कार्ड निघतं. तुमच्या गावाजवळचं कोणतं रुग्णालय योजनेत आहे, ते आधीच बघून ठेवा. दवाखान्यात पळापळ चालू असताना ते शोधणं जमत नाही.

सोबतच बँक खात्यांना नॉमिनी लावला आहे का आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का, हेही बघा. बंद पडलेल्या नंबरमुळे वरची दोन्ही कामं अडू शकतात.

विसरायला लागलेत का? इथे घाई नको

चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वेगळं. पण तोच प्रश्न थोड्या थोड्या वेळानं परत विचारणं, ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, एकच बिल दोनदा भरणं, वर्षानुवर्षं हातखंडा असलेला पदार्थ करताना पायऱ्या विसरणं, असं दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. घरी "डिमेन्शिया" असा शिक्का मारू नका. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, औषधांचा परिणाम, कमी ऐकू येणं, नैराश्य यांमुळेही असं होऊ शकतं आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत. तुम्हाला काय दिसलं ते तारखेसह लिहून न्या. "हल्ली विसरतात" यापेक्षा "मंगळवारी वीजबिल दोनदा भरलं" हे डॉक्टरांना जास्त उपयोगी पडतं.

लोकेशन आणि कॅमेरा लावायचा का?

लावायचा असेल, तर त्यांच्या मर्जीनं. लोकेशनचं म्हणाल, तर मी दुसऱ्या खेपेला उलट केलं. आधी माझं लोकेशन अण्णांना शेअर केलं. मी रात्री ऑफिसातून घरी पोचलो की नाही हे त्यांना दिसायला लागलं. आठवड्याभरानं ते स्वतःच म्हणाले, "माझंही लाव." गूगल मॅप्समध्ये प्रोफाइलच्या फोटोवर टॅप करून लोकेशन शेअरिंगमध्ये हे होतं. त्यात फोनची बॅटरी किती उरलीय तेही दिसतं, त्यामुळे फोन लागला नाही तर उगाच जीव टांगणीला लागत नाही. फक्त प्रवासापुरतं हवं असेल, तर व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तासांसाठी देता येतं.

घरात कॅमेरा लावायला आईनं स्पष्ट नाही म्हटलं. मी तो विषय तिथेच सोडला. त्याऐवजी न्हाणीघरात धरायला दांडी बसवली, न घसरणारी चटई टाकली आणि वाटेत आपोआप लागणारा रात्रीचा दिवा लावला. कॅमेऱ्यानं ती पडलेली मला दिसली असती. दांडीमुळे पडायची शक्यता कमी होते.

परत आल्यावर कॉल कसा करायचा?

"बरं आहे ना?" हा प्रश्न मी बंद केलाय. त्याऐवजी असे प्रश्न विचारतो, ज्यांचं उत्तर "हो" मध्ये देता येत नाही:

- आज भाजी कसली केली होती?
- आज घरी कोण आलं होतं? तुम्ही कुणाकडे गेलात?
- आई, फोन तुझ्या हातात घे आणि अंगणातली झाडं दाखव बरं.
- या आठवड्यात कुठला विचित्र फोन आला होता का?

तिसऱ्या प्रश्नात आईचा हात, चालणं आणि घर तिन्ही दिसतं. आणि झाडं दाखवायला तिला खरंच आवडतं. आम्ही भावंडांनी दिवसही वाटून घेतलेत, शिवाय महिन्याच्या पहिल्या रविवारी वजन आणि बीपी आमच्या ग्रुपवर अण्णा स्वतः टाकतात. शिक्षकाला नोंद ठेवायला सांगितली, की ती चुकत नाही!

आईच्या मनगटाचं सांगायचं राहिलं. एक्स-रेमध्ये हाडाला बारीक तडा गेलेला दिसला. भरत आलेला होता, पण जरा वाकडा. डॉक्टरांनी व्यायाम दिले आणि हाडांची घनता तपासून घ्यायला सांगितली. आता आई परत भाकरी थापते, पण पूर्वीसारख्या एका वेळी दहा-बारा नाही. श्रावणातच कळलं असतं तर एवढं झालं नसतं, हे मला अजून टोचतं. मी एकदा तिला विचारलं, "सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "तू विचारलंस कुठं? बरं आहे ना, असं विचारलंस. मी हो म्हणले."

तर मित्रांनो, पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा पहिला दिवस फक्त बघा, दुसऱ्या दिवशी तपासण्या आणि औषधांचा डबा, तिसऱ्या दिवशी त्यांच्यासोबत बसून फोन, आणि निघताना शेजारच्यांचा नंबर. हा लेख तुमच्या बहीण-भावंडांच्या ग्रुपवर नक्की पाठवा आणि यातलं कोणतं काम कोण करणार, ते आताच वाटून घ्या.